गोचिडीच्या पोटात काय शिजतं?

पाऊस उघडला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत दोनच विषय असतात, खुरकूत आणि गोचीड. यंदा गोचिडीने बाजी मारली. बहुतेकांचं म्हणणं एकच, 'औषध सांगा.' ते खाली सांगितलंच आहे. पण पालमच्या एका पत्राला आधी जागा देते, आणि जरा जास्तच देते. परोपजीवीशास्त्र शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली, तरी हा प्रश्न वर्गात मला कुणी इतका सरळ विचारला नव्हता.

प्रश्न : मॅडम, माझ्याकडं दोन जर्सी, एक देवणी आणि बैलजोडी आहे. पोरगा नांदेडला बीएस्सीला आहे. सुट्टीत आला अन् शेतातल्या आखाड्यावर बसून मोबाइलवर वाचून दाखवू लागला, की शास्त्रज्ञ गोचिडीच्या आतड्यातली जनुकं कवा चालू होतात अन् कवा बंद होतात ते मोजायलेत. मी म्हणलं, गोचीड मारायची सोडून तिचं आतडं कशाला बघायलेत? तो म्हणला, मॅडमला विचारा. म्हणून विचारतो.
(एक पशुपालक, पालम, जि. परभणी)

उत्तर : मारायची आहे म्हणूनच बघायलेत. हात कुठं घालायचा ते आधी कळायला नको?

गोचिडीला रक्ताशिवाय दुसरं खाणंच नाही. तुमच्या जनावरांवर जी जास्त दिसते ती 'रिपिसेफॅलस मायक्रोप्लस'. तिचं सहा पायांचं पिल्लू एकदा गाईवर चढलं की उतरायचं नाव घेत नाही. तिथंच पितं, कात टाकतं, आठ पायांचं होतं, परत पितं, परत कात टाकतं, तिथंच जोडीदार गाठतं, आणि चढल्यापासून साधारण तीन आठवड्यांनी पोट भरलेली मादी खाली गळते. यातला शेवटचा टप्पा लक्षात ठेवा. वयात आलेली मादी पहिले काही दिवस अगदी बेताने पिते. कासेच्या मागं, शेपटीखाली, गळ्याखालच्या पोळीच्या घडीत ती असते, पण नजरेत भरत नाही. नराशी गाठ पडल्याशिवाय ती पुरती फुगतच नाही. गाठ पडली की शेवटच्या दिवसभरात जे ओढते, ते आधीच्या सगळ्या दिवसांपेक्षा जास्त. काही मिलिग्रॅमची मादी दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास जाते. 'काल काहीच नव्हतं, आज एवढाल्या कुठून आल्या?' असं तुम्ही लोक दवाखान्यात येऊन विचारता. कालही होत्या.

आता एवढं रक्त पोटात घेऊन करायचं काय? पहिली अडचण पाण्याची. रक्तात पाणीच जास्त, आणि तिला ते नको असतं. म्हणून आतड्यातून पाणी खेचून ती लाळेवाटे परत गाईच्याच अंगात सोडते. दाट माल स्वतःला, पाणी गाईला. त्या लाळेबरोबर रोगाचे जंतूही जातात, पण त्याचं वेगळं पत्र खाली आहे.

मग पचन. डासाच्या पोटात पाचकरस आतड्याच्या पोकळीत सुटतात आणि रक्त तिथंच पचतं. गोचिडीची तऱ्हा न्यारी. तिच्या पोकळीत तांबड्या पेशी फक्त फुटतात. बाहेर आलेलं हिमोग्लोबिन आतड्याच्या भिंतीतल्या पेशी थोडं थोडं आत ओढतात आणि आपल्यातल्या बारीक आंबट पिशव्यांत पचवतात. तिथं कॅथेप्सिन नावाच्या विकरांची, म्हणजे एन्झाइमांची, टोळी असते. कॅथेप्सिन डी आणि त्याच्या साथीदारांनी मोठे तुकडे पाडायचे, बी आणि सी यांनी ते बारीक करायचे. हे काम सावकाशीचं आहे. मादी गळून पडली तरी पुढं कित्येक दिवस ते चालू राहतं, आणि त्याच जिवावर ती अंडी घालते.

तुमच्या पोराने वाचलं ते इथं येतं. शरीरातल्या जवळपास प्रत्येक पेशीत जनुकांचा संच तोच असतो. ज्या जनुकाचं काम पडेल त्याची पेशी आरएनए नावाची नक्कल काढते आणि त्या नकलेवरून प्रथिन बनतं. नकला जास्त, म्हणजे ते जनुक जोरात चालू. साखर कारखान्यात यंत्रं बारा महिने तीच असतात, पण गाळप लागताना आधी काय सुरू होतं आणि शेवटी काय बंद होतं, हे तिथल्या जुन्या कामगाराला बरोबर ठाऊक असतं. आतड्यातल्या जनुकांचं असंच वेळापत्रक मांडायचं चाललं आहे. उपाशी गोचिडीचं आतडं जेमतेम काम करतं. रक्त आत गेलं की ते ओढून घेणारी आणि पचवणारी जनुकं जोर धरतात. मादीचं पोट भरलं की अंड्यातल्या बलकाचं प्रथिन बनवायचं काम निघतं, आणि त्यातही आतडं हातभार लावतं.

पण मला यात सगळ्यात भारी वाटतं ते हीमचं प्रकरण. हिमोग्लोबिनच्या एका रेणूत चार हीम असतात, प्रत्येकात लोहाचा एक अणू. रक्ताचा लाल रंग त्यांचाच. हिमोग्लोबिन मोडलं की हीम सुटं होतं, आणि सुटं हीम म्हणजे विषच. पेशीची आवरणं ते खराब करून टाकतं. जेवणच असं, की जितकं पचवाल तितकं विष अंगात! यावर गोचिडीने जो बंदोबस्त केलाय तो ब्राझीलच्या शास्त्रज्ञांनी २००३ मध्ये याच मायक्रोप्लस जातीत दाखवला. आतड्याच्या पेशीत हीम गोळा करून बंद ठेवायच्या खास पिशव्या असतात. त्यांना हीमोसोम म्हणतात. हीम तिकडं पोचवायला वेगळं प्रथिन, आणि त्यातून सुटलेल्याचा दाह निस्तरायला ग्लुटाथायोन-एस-ट्रान्सफरेजसारखी विकरं. यातलं एखादं जनुक बंद पाडता आलं, तर गोचीड प्यालेल्या रक्तानेच मरेल.

बरं, हे विष तिला हवंही असतं. तुमचं-माझं शरीर हीम स्वतः बनवतं. गोचिडीला ते बनवताच येत नाही. मायक्रोप्लसबद्दल ब्राझीलमध्येच १९९९ साली हे दाखवलं गेलं. पुढं २०१६ मध्ये चेक शास्त्रज्ञांनी युरोपातल्या एका गोचिडीला पातळ पडद्यातून हिमोग्लोबिन नसलेला रक्तद्रव पाजला. माद्या फुगल्या, अंडीही घातली, पण अंड्यांतून पिल्लं निघेनात. त्यात हिमोग्लोबिन मिसळून पाजल्यावर पिल्लं निघाली. म्हणजे पचलेल्या रक्तातलं हीम अंड्यांपर्यंत पोचलं नाही तर वंश खुंटला. आणि लोह? तेही ती हीम फोडून घेत नाही. ते रक्तद्रवातल्या दुसऱ्या प्रथिनातून घेते आणि आतड्यात बनलेल्या फेरिटिन-२ या प्रथिनावर लादून अंगभर पाठवते. असलं लोह वाहणारं फेरिटिन गाईच्या अंगात नाही. लस शोधणाऱ्यांचा डोळा त्यावर आहे तो याचसाठी.

हे ऐकून तुमच्या पोराला इथंच सोडवणार नाही, म्हणून एक वरकड. रक्त म्हणजे जिवाणूंची मेजवानी. मग गोचिडीच्या पोटात ते सडत का नाही? याची कारणं बरीच आहेत, पण त्यातलं एक अफलातून आहे. गाईच्या हिमोग्लोबिनचा पचनात तुटलेला एक तुकडा जिवाणू मारतो. मायक्रोप्लसच्या आतड्यातूनच तो वेगळा काढलेला आहे. गाईचंच रक्त, आणि गोचिडीला त्यातून फुकटात प्रतिजैविक.

प्रश्न : आम्ही पशुवैद्यकच्या दुसऱ्या वर्षाला आहोत. आतड्यातली जनुकं मोजतात म्हणजे प्रत्यक्ष काय करतात? आम्हाला ते आतडं तरी बघता येईल का?
(एक विद्यार्थिनी, उदगीर)

उत्तर : आतडं याच आठवड्यात बघता येईल, आरएनएला पैसे लागतील.

टम्म फुगलेली मादी घेऊ नकोस, ब्लेड लागताच सगळं काळं पाणी होतं. अर्धवट प्यालेली घे. बशीत मेण ओतून, पाठ वर करून ती त्यात अर्धी रुतव, थंड सलाइन घाल आणि सूक्ष्मदर्शकाखाली शरीराच्या कडेकडेने बारीक पात्याने काप घे. मग चिमट्याने पाठ उचल. आत पहिल्यांदा दिसतं ते आतडंच, कारण बाकी कशाला जागाच उरलेली नसते. सरळ नळी समजून शोधू नकोस. मधल्या छोट्या भागातून दोन्ही बाजूंना बंद टोकांचे फाटे निघालेले असतात, एकमेकांवर चढलेले, काळपट तपकिरी. थांबून बघितलंस तर ते अजून आकसताना दिसतील. त्यांच्यामधून जाणारे चकचकीत पांढरे धागे म्हणजे श्वासनलिका. त्या न तोडता आतडं उचलायला हात बसावा लागतो. पुढच्या बाजूला दोन्हीकडे अर्धपारदर्शक बारीक दाण्यांचे झुबके, त्या लाळग्रंथी. त्या आतड्यात येऊ द्यायच्या नाहीत, नाहीतर लाळेची जनुकं आतड्याच्या नावावर चढतील.

पुढचं काम घाईचं. आरएनए फार नाजूक. आपल्या बोटांवरची विकरंसुद्धा त्याचा चुराडा करतात, म्हणून हातमोजे हवेत, आणि आतडं धुऊन लगेच जतनद्रावणात गेलं पाहिजे. चार-दोन जनुकं बघायची असतील तर आरटी-पीसीआर पुरे. सगळाच पट हवा असेल तर आरएनएचा अनुक्रम वाचतात. एक गोम मात्र आहे. आतड्यात गाईचं रक्त असतंच. गाईच्या तांबड्या पेशींत केंद्रक नसतं, पण पांढऱ्या पेशींत असतं, आणि त्यांचा आरएनए निकालात घुसतो. तो गाईच्या जनुकसंचाशी ताडून बाजूला काढावा लागतो. दुसरं असं, की आरएनए वाढला म्हणजे प्रथिन तेवढंच वाढलं असं धरून चालायचं नाही. म्हणून संशय आलेल्या जनुकाचा दुपेडी आरएनए गोचिडीला टोचतात, त्याने ते जनुक गप्प होतं, आणि मग ती पिते का, फुगते का, अंडी उबतात का ते बघतात. खरा पुरावा तो.

आणि कुणी 'किड्यांची पोटं काय फाडता' असं हिणवलं तर सांग, की रोनाल्ड रॉस यांना हिवतापाचा जंतू १८९७ मध्ये सिकंदराबादेत डासाच्या पोटाच्या भिंतीतच सापडला. आपला मराठवाडा तेव्हा त्याच निजामी राज्यात होता. आणि किडा सस्तन प्राण्यात रोग पसरवतो हे अमेरिकेत स्मिथ आणि किलबोर्न यांनी त्याच्याही आधी, १८९३ मध्ये, गोचिडीवरच दाखवलं होतं.

प्रश्न : गोचिडीची लस निघाली असं ऐकलं. आपल्याकडं कुठं मिळेल?
(एक दूध उत्पादक, लोहा, जि. नांदेड)

उत्तर : मिळणार नाही. आपल्या बाजारात गोचिडीवरची लस नाही. 'गोचीड तापाची लस' म्हणून जी ऐकली असेल ती थायलेरिया या रोगाची आहे. तिने गोचीड मरत नाही.

लस निघाली होती हे मात्र खरं. मायक्रोप्लसच्या आतड्याच्या पेशींवर बीएम८६ नावाचं प्रथिन असतं. ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी त्याचा छडा लावून १९८९ मध्ये ते प्रसिद्ध केलं, आणि नव्वदीच्या दशकात ऑस्ट्रेलिया आणि क्युबा या दोन देशांत त्यावर लशी आल्या. युक्ती झकास आहे. हे प्रथिन गोचिडीच्या पोटात, गाईच्या अंगाशी त्याचा संबंध कधी येत नाही, म्हणून गाईला आपण होऊन त्याची प्रतिकारशक्ती येत नाही. लशीतून ते गाईला टोचलं की गाईच्या रक्तात त्याविरुद्ध प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडीज, बनतात. गोचीड ते रक्त पिते आणि प्रतिपिंडं तिच्या आतड्यालाच चावतात. आतडं फाटतं, रक्त अंगात पसरतं, गोचीड आतून लाल दिसू लागते. जी वाचते तीही कमी फुगते, कमी अंडी घालते.

अडचणी तीन. फवारल्यासारख्या गोचिडी दुसऱ्या दिवशी गळत नाहीत, पिढ्यांमागून त्यांची संख्या उतरते, आणि तेवढा धीर कुणाला असतो? शिवाय गोचिडीच्या चाव्यातून ही प्रतिकारशक्ती ताजी होत नाही, म्हणून टोचणी परत परत द्यावी लागते. त्यात हे प्रथिन मुलखामुलखाच्या गोचिडीत थोडं बदलतं. अर्जेंटिनातल्या गोचिडींवर ही लस नीट चालली नाही, तेव्हा तिथल्याच गोचिडीतलं बीएम९५ घ्यावं लागलं. आपल्याकडं इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेत या जातकुळीच्या प्रथिनांवर काम झालेलं आहे. पालमच्या पत्राचं उत्तर इथंही लागू पडतं. रक्त भरताना जोरात चालू असणारं आणि बंद पडलं तर दुसरी वाट नसणारं जनुक सापडलं, तर त्याच्या प्रथिनावर याहून चांगली लस निघू शकेल. मला स्वतःला एका प्रथिनाच्या लशीवर फारसा भरवसा नाही. दोन-तीन एकत्र घ्यावी लागतील.

प्रश्न : दर आठवड्याला बादलीत दोन झाकणं औषध टाकून फवारतो. पहिल्यांदा गोचिडी पटापट गळायच्या, आता ढिम्म हलत नाहीत. औषध बनावट आहे का?
(एक शेतकरी, वसमत, जि. हिंगोली)

उत्तर : बनावट असेलही, पण मला पहिला संशय तुमच्या झाकणाचा आहे. झाकण हे काही माप नाही. कमी मात्रेत दुबळ्या गोचिडी मरतात आणि तगड्या उरतात, मग पुढची पिढी त्यांचीच. डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन ही औषधं मज्जातंतूतल्या सोडियमच्या वाटेवर बसतात. त्या वाटेच्या जनुकात एक बारीक बदल झाला की औषधाला बसायला जागा राहत नाही. काही गोचिडी विष मोडणारी विकरंच जास्त बनवतात. भारतात या औषधांना न जुमानणाऱ्या गोचिडी ठिकठिकाणी सापडल्या आहेत. तेव्हा बाटलीवरचं माप मोजून घ्या, जनावर कानाच्या आतल्या कडेपासून शेपटीखालपर्यंत भिजवा, आणि औषधाचा गट बदलायचा तो दवाखान्यात विचारून. आयव्हरमेक्टिन दुभत्या गाईला देऊ नका, ते दुधात उतरतं.

पण फवारणीपेक्षा मोठी गोष्ट वेगळीच. भरलेल्या माद्या गळायची वेळ बहुतेक पहाटेची आणि सकाळची पहिली. त्या वेळी तुमची जनावरं कुठं असतात? दावणीला. म्हणजे माद्या गोठ्यातच पडतात, भिंतीच्या फटीत शिरतात, आणि एकेक मादी दोन-तीन हजार अंडी घालून मरते. आपल्या मे महिन्यात उघड्या वावरात अंडी वाळून जातील, पण माळवदाच्या जुन्या गोठ्यात, गव्हाणीखालच्या ओलीत ती मजेत राहतात. पिल्लं महिनोन्‌महिने उपाशी काढतात. गाईवर फवारता तेव्हा फक्त चढलेल्या मरतात. म्हणून धार काढून झाली की आधी गोठा झाडा आणि तो केर जाळा. भिंतीच्या फटी लिंपा, चुना मारा. देवणी आणि लाल कंधारीला गोचीड संकरित गाईपेक्षा कमी लागते, पण गोठा एकच असेल तर जर्सीसारखी संकरित गाय सगळ्यांसाठी पैदास करत राहणार.

प्रश्न : गोचीड ताप आणि लाल लघवी एकच का?
(एक पशुपालक, कळंब, जि. धाराशिव)

उत्तर : नाही. गोचीड ताप म्हणजे थायलेरिया. तो पसरवते हायलोमा, पायांवर पट्टे असलेली, लांब पायांची गोचीड. खांद्यापुढच्या गाठी सुजतात, ताप उतरत नाही. लाल लघवी बबेसिया नावाच्या जंतूने होते. तो मायक्रोप्लसमधून येतो, आणि मादीच्या आतड्यातून थेट अंड्यांत उतरतो, म्हणून तिची पिल्लं जन्मतःच जंतू घेऊन निघतात. दोन्हींची औषधं वेगळी. रक्ताची काच तपासून घ्या, अंदाजाने सुई मारू देऊ नका.

प्रश्न : आमच्या सासूबाई गोचिडी बोटांनी ओढून काढतात, काही चिरडतात, बाकीच्या उकिरड्यावर टाकतात. कोंबड्या खातात म्हणतात. चालेल का?
(एक वाचक, औसा, जि. लातूर)

उत्तर : ओढून काढणं चालेल, चिरडणं नाही. हायलोमातून माणसाला क्रिमियन-काँगो ताप होऊ शकतो. गुजरातेत २०११ मध्ये तो माणसांत आढळला आहे, आणि चिरडलेल्या गोचिडीचं रक्त बोटांच्या भेगांतून आत जातं. हातात प्लास्टिकची पिशवी तरी घालायला सांगा. कोंबड्या गोचिडी खातात हे खरं, पण सगळ्या वेचत नाहीत. उकिरड्यावर पडलेली टम्म मादी मेलेली नसते. तिचं रक्त पिऊन झालेलं असतं, आता तिला गाईची गरजच नाही. तिथंच ती अंडी घालील. झाकणाच्या डब्यात थोडं डिझेल ठेवा आणि काढलेली प्रत्येक गोचीड त्यात टाका. रॉकेल आता मिळतंय कुठं! आणि तो डबा लेकरांच्या हाती लागणार नाही असा ठेवा.